तीन नंबरचं सील

१

विजेच्या पॅनेलच्या खोलीचं दार उडून माझ्या मोटारसायकलवर पडलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. आधी मला मोटारसायकलचंच वाईट वाटलं, हे कबूल करतो. मग धुरातून भारत बाहेर आला. दोन्ही हात पुढे धरलेले, भुवया जळालेल्या, आणि तोंडात एकच वाक्य, "साहेब, मी फक्त कॉम्प्रेसरचं बटण दाबलं."

भारत सांगळे आमच्या पंपावर नऊ वर्षं गाड्यांत हवा भरतो. पंप गंगापूर रोडला, शहराची वस्ती संपून द्राक्षबागा दिसायला लागतात तिथे आहे. पेट्रोलची चार मशीन, हवेचं एक, आणि या सगळ्यांवर खेकसणारा मॅनेजर म्हणजे मी, कुंदन थेटे. त्या दिवशी मात्र खेकसायला वेळच नव्हता. कसाबसा मेन स्विच पाडला, पोरांनी वाळूच्या बादल्या ओतल्या, भारतला रिक्षात घालून दवाखान्यात पाठवलं. आग दहा मिनिटांत विझली. त्या खोलीपासून पेट्रोलच्या टाक्या तीस पावलांवर आहेत.

दुपारी तेल कंपनीचे अधिकारी आले. जळालेल्या पॅनेलला पेट्रोलचा वास येत होता, आणि पेट्रोल तर आम्ही त्या खोलीत कधी नेतच नाही. त्या साहेबांनी मला समजावून सांगितलं. मशीनच्या तारा जमिनीखालून लोखंडी पाइपातून पॅनेलपर्यंत येतात. मशीनच्या पोटात थोडी जरी गळती असली तरी पेट्रोलची वाफ त्या पाइपात शिरते आणि तारांच्या सोबतीने थेट पॅनेलपर्यंत चालत येते. तिथे बटण दाबलं की ठिणगी पडतेच. म्हणून पाइप जमिनीतून वर मशीनमध्ये शिरतो त्या जागी एक सील फिटिंग बसवतात. मुठीएवढा लोखंडी तुकडा, त्याच्या आत तारांभोवती सिमेंटसारखा मसाला ओतायचा. तो वाळून दगड झाला की तारा जातात, वाफ जात नाही.

साहेबांनी चारही मशीनची खालची झाकणं उघडली. एक, दोन आणि चार नंबरचं सील गच्च भरलेलं होतं. तीन नंबरच्या फिटिंगचं बूच फिरवून काढलं आणि आत टॉर्च मारला. आत तारा होत्या, आणि तारांभोवती नुसती हवा.

"वायरिंग कोणाचं?" साहेबांनी विचारलं.

"खंडेरावांचं," मी म्हणालो.

साहेबांनी वहीत ते नाव लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

२

खंडेराव गांगुर्डे कोण, हे नाशिकच्या पंपवाल्यांना सांगावं लागत नाही. राहायला पंचवटीत, वय सहासष्ट, अंगात खाकी शर्ट आणि खिशाला टेस्टर. चार वर्षांपूर्वी आमचा पंप नव्याने बांधला तेव्हा सगळं वायरिंग त्यांनी केलं, आणि ते चाललेलं असताना मी त्यांच्याशी रोज भांडलो. कारण माणूस भयंकर सावकाश. पाइपाला आटे पाडले की उघड्या राहिलेल्या आट्यांवर जस्ताचा रंग लावायचा, तो वाळला की पुन्हा एक हात. पाइप वाकवला की चार पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून बघायचं. जो पाइप जमिनीत पुरायचा त्याचे एवढे लाड कशाला, असं मी एकदा बोललोच.

"साहेब, पुरल्यावर कोण बघनार हाय? म्हनून आताच बघून घेतो," ते म्हणाले.

मला तेव्हा ती उशिराची सबब वाटली. चार वर्षांत त्यांच्या कामात एक दिवस काही निघालं नाही, आणि तरी मी कधी त्यांना चांगलं म्हटलं नाही. माझा स्वभावच तसा मेला.

आता त्या माणसावर बालंट आलं होतं. कंपनी विद्युत निरीक्षकांकडे तक्रार करणार होती. तक्रार गेली की चौतीस वर्षांचं लायसन्स रद्द, आणि भारतचे हात भाजले म्हणून पोलिसांत गुन्हाही. आमचे मालक दीपकशेठ यांना पंप लवकर सुरू व्हायला हवा होता. दोषी माणूस सापडला की परवानगी लवकर मिळेल, हा त्यांचा हिशेब. "सोमवारी कागद जाऊ द्या," ते म्हणाले. "म्हातारा विसरला असेल. या वयात होतं."

त्याआधी विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन जायचा होता. कोणीतरी ब्रीफकेसवाला येईल असं मला वाटलं होतं. आल्या त्या छाया बोरस्ते. पन्नाशीच्या बाई, स्कूटरवरून, गुडघ्याला पट्टा बांधलेला. वाकता येत नाही म्हणून त्यांनी माझ्याकडे प्लास्टिकचं स्टूल मागितलं आणि तीन नंबरच्या मशीनपुढे भाजी निवडायला बसावं तशा बसल्या. पिशवीतून लांब दांडीचा छोटा आरसा काढला, भिंग काढलं, एक मऊ फडकं काढलं. पाऊण तास झाला तरी बाई उठेनात. फडक्याने एक तार पुसायच्या, भिंगातून बघायच्या, पेन्सिलने काहीतरी लिहायच्या.

"मॅडम, रिकामं आहे ते टॉर्चनेसुद्धा दिसतं," मी शेवटी म्हणालो.

"हो, रिकामं आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "थेटे, हे काम ज्याने केलं तो विसरभोळा नाही. चला, बाकीची तीन दाखवा."

३

बाकीच्या तिन्ही मशीनमध्ये बाईंनी आधी फिटिंगचं बूच बघितलं. बुचाच्या डोक्यापासून खालच्या लोखंडापर्यंत, सांध्यावरून ओढलेलं हळद-कुंकवाचं बोट होतं. पिवळ्यावर लाल, त्यावर पुन्हा पिवळं आणि लाल, अशी जाड खपली धरली होती.

"हे कोण लावतं?"

"खंडेराव. दसऱ्याला आपण गाडीची, यंत्राची पूजा करतो ना, तशी ते त्यांच्या सीलची करतात," मी म्हणालो. "मसाला भरला की तो वाळल्यावर पहिलं बोट, मग दर दसऱ्याला येऊन एक. सुट्टीच्या दिवशी येऊन झाकणं उघडत बसतात, आणि मी कटकट करतो."

"सांध्यावरूनच लावतात?"

"हो. कोणी बूच फिरवलं की बोट मोडतं. मग त्यांना कळतं."

बाई माझ्याकडे बघून हसल्या. आल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो. "माझे वडील मनमाडला रेल्वेत सिग्नल फिटर होते. ते खांबाच्या पेटीत आतून खडूने खूण करायचे. तेही असेच होते."

मग त्या पुन्हा तीन नंबरपाशी गेल्या. साहेबांनी काढून ठेवलेलं बूच त्यांनी जागेवर बसवलं. त्यावरही सांध्यावरून एक बोट ओढलेलं होतं, आणि दोन्ही अर्ध्या खुणा बरोबर जुळल्या. कंपनीचे साहेब मागेच उभे होते. "बघा," ते म्हणाले, "खूण त्याचीच आहे. मसाला न भरताच बोट लावून मोकळा झाला."

"तसंच दिसतंय," बाई म्हणाल्या. माझा चेहरा पडला. काल ज्या माणसाशी भांडत होतो त्याच्यासाठी आज जीव तुटत होता, आणि हा बदल माझा मलाच नवीन होता.

केबिनमध्ये चहा घेताना त्यांनी मला विचारलं, "तीन नंबरला हल्ली काही दुरुस्ती झाली?"

"धनत्रयोदशीला सकाळी ते सारखं ट्रिप होऊन बंद पडायला लागलं. खंडेरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्याला हिरवी पट्टी. म्हणून हर्षल पगार आला. अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकलाय, आता स्वतःचं लायसन्स काढलंय. मशीनच्या वरच्या डोक्यातला एक जोड सैल होता, तो घट्ट केला म्हणाला."

"तुम्ही बघत होतात?"

"धनत्रयोदशी होती मॅडम. पंपावर रांग रस्त्यापर्यंत गेलेली. मी काउंटरवर होतो."

हे खरंच होतं. पण एक गोष्ट मी त्या वेळी बोललो नाही. हर्षल आला तेव्हा मी त्याला दोन तास दिले होते. त्यावर एक मिनिट नाही, असं सगळ्यांदेखत ओरडून सांगितलं होतं. ते मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

बाईंचं लक्ष माझ्या कपाळाकडे गेलं. "हे काय लावता तुम्ही रोज?"

"अष्टगंध. रामकुंडाजवळच्या दुकानातून आणतो." मी ड्रॉवरमधली डबी काढून दाखवली.

त्यांनी चिमूटभर केशरी पूड कागदावर घेतली आणि पुडी बांधून पिशवीत टाकली. प्रसाद घेतात तशी.

"हर्षलला बोलवा," त्या म्हणाल्या. "आणि खंडेरावांनाही. त्यांना रिक्षा पाठवा, स्वतःहून येऊ देऊ नका."

४

हर्षल आधी आला. एकोणतिसाव्या वर्षी माणूस जितका नीटनेटका असू शकतो तितका नीटनेटका. बाईंनी त्याला बसायला सांगितलं तरी तो उभाच राहिला. त्याने तेच सांगितलं. वरच्या डोक्यात जोड सैल होता, घट्ट केला, खाली हात लावला नाही. बाईंनी फक्त "बरं" म्हटलं. उलटसुलट विचारलं नाही, आवाज चढवला नाही. मी असतो तर चार शिव्या तरी हासडल्या असत्या.

खंडेराव आले ते काळा चष्मा लावून. त्यांना बघून हर्षल भिंतीपाशी सरकला. म्हातारे सरळ दीपकशेठकडे गेले. "शेठ, सील मी भरलंय. चारी भरलीत. तीन नंबरचा मसाला तर दुपारच्या उन्हात कालवला होता, लवकर आटत होता म्हनून दोनदा कालवला. मला अजून ध्यानात हाय."

"मग गेला कुठे?" साहेबांनी विचारलं.

"ते मला काय ठावं? दाखवा तरी."

छायाबाईंनी त्यांना हाताला धरून तीन नंबरपाशी नेलं आणि आपल्या स्टुलावर बसवलं. खंडेरावांनी चष्मा काढला. फिटिंगवरून बोट फिरवलं, आट्यांवरून फिरवलं. उघड्या आट्यांवर जस्ताचा रंग होता, दोन हात दिलेला. मग त्यांनी बुचाजवळ तोंड नेलं आणि त्यावरची खूण बघितली. बराच वेळ बघितली.

मी त्यांच्या शेजारीच होतो, म्हणून मला त्यांचा चेहरा दिसला. आधी तो रागाने तांबडा झाला. मग रागाचा मागमूस राहिला नाही. लग्नघरात वाईट बातमी येते आणि ती फक्त एकट्यालाच कळते, तसं त्यांचं झालं.

ते उठले. कोणाकडेही न बघता म्हणाले, "चूक माझीच हाय साहेब. भरायचं ऱ्हाऊन गेलं असंल. लिहा माझं नाव."

"खंडेराव!" मी ओरडलो. "आत्ता तुम्ही म्हणालात, दोनदा कालवला."

"म्हातारपन हाय. इसरलो." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "कुठं सही करायची ती सांगा, मंजी मी घरी जातो."

दीपकशेठनी सुटल्यासारखा श्वास सोडला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. माझं डोकं भणाणून गेलं होतं. चौतीस वर्षांचं नाव हा माणूस एका सहीत टाकून द्यायला निघाला होता.

"सही नंतर," छायाबाई म्हणाल्या. "या माणसाने हे सील रिकामं ठेवलेलं नाही. आणि ते कोणी ठेवलं हे यांना आत्ताच कळलंय, म्हणून ते खोटं बोलतायत."

५

माझ्या केबिनमध्ये आम्ही सहा जण दाटीवाटीने जमलो. बाईंनी वही उघडली. त्यांचं बोलणं मी जमेल तसं लिहून ठेवलंय, कारण इतकं स्वच्छ बोलणं मी आयुष्यात फार थोडं ऐकलंय.

"आधी तारा," त्या म्हणाल्या. "तारेच्या वेष्टणावर बनवणाऱ्याचं नाव छापलेलं असतं, आणि बरेचदा सालही. इतकं बारीक की कोणी वाचत नाही. एक, दोन आणि चार नंबरच्या तारांवर पंप बांधला त्याच्या आदल्या वर्षीचं साल आहे. तीन नंबरच्या तारांवर यंदाचं आहे. यंदा बनलेल्या तारेभोवती खंडेराव चार वर्षांपूर्वी मसाला कसा ओततील?"

साहेब उठून भिंग घेऊन बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांनी पेनाचं टोपण लावून टाकलं होतं.

"म्हणजे तारा बदलल्यात. का, तेही सांगते. तीन नंबर ट्रिप होत होतं कारण पाइपातली एक तार खराब झाली होती. वरच्या डोक्यात काही नव्हतं. पण खंडेरावांचा मसाला दगड झालेला. तारा त्यात चिणलेल्या. त्या ओढून निघत नाहीत. मग एकच उपाय राहतो. ते फिटिंग तारांसकट कापून काढायचं, पाइपातून नव्या तारा ओढायच्या आणि नवीन फिटिंग बसवायचं. ते बसवलं, फार सुबक बसवलं. फक्त नवीन मसाला ओतला नाही. त्यात मशीनमधल्या पेट्रोलच्या फिल्टरचा सांधा थोडा पाझरत होता. महिनाभर वाफ त्या पाइपातून खोलीत येत राहिली."

"पण त्यावर खंडेरावांची खूण आहे ना?" दीपकशेठ म्हणाले.

"खूण आहे, पण त्यांची नाही. बाकीच्या तिघांवर हळद-कुंकवाचे थर आहेत, पहिलं बोट आणि मग दर दसऱ्याचं एकेक. यावर एकच थर आहे, हळद नाही, आणि रंग लालही नाही. केशरी आहे." त्यांनी पिशवीतली पुडी टेबलावर उघडली. "थेटे, धनत्रयोदशीला तुमच्याकडे कोणी काही मागितलं होतं?"

मला एकदम आठवलं आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला. गर्दीत हर्षलने काउंटरच्या खिडकीतून विचारलं होतं, साहेब, हळद-कुंकू आहे का? सणाची पूजा करत असेल असं वाटून मी अष्टगंधाची डबी त्याच्या अंगावर जवळजवळ फेकली होती.

"हे ज्याने केलं तो चोर असता तर त्याने खूण केलीच नसती," बाई म्हणाल्या. "किंवा फसवायचं म्हणून केली असती तर नीट हळद-कुंकू आणून केली असती. याने फसवायला केलेली नाही. आट्यांना दोनदा रंग दिला, बूच बसवलं, आणि हात सवयीने पुढे गेला. फिटिंग बसवून बोट न लावता उठणं त्याला जमलंच नाही. असं शिकवणारा नाशिकमध्ये एकच माणूस आहे, आणि शिकलेलाही एकच. खंडेरावांनी खूण बघितली आणि ओळखली. म्हणून ते विसरले."

हर्षल भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"आबा," तो खंडेरावांना म्हणाला, "दिवाळी झाली की मसाला भरायला येणार होतो. मग दुसऱ्या पंपाचं काम निघालं, मग तिसऱ्याचं. रोज उद्या उद्या करत राहिलो. भारतभाऊचं कळलं आणि मी घाबरलो. तुमचं नाव आलं तरी माझी जीभ उचलली नाही."

खंडेराव त्याच्यावर धावून जातील असं मला वाटलं. ते बसूनच राहिले. "मसाला वाळल्यावर बोट लावायचं," ते हळू आवाजात म्हणाले. "आधी नाय. किती येळा सांगितलं तुला?" आणि मग बाईंना, "म्याडम, सहा महिने झालेत त्याच्या लायसनला. शिकवनारा मी. माझंच काईतरी कमी पडलं. माझं नाव ऱ्हाऊ द्या."

"नाही राहू देणार," बाई म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "तुमचं काम मी आज डोळे भरून बघितलंय. त्यावर खोटं लिहिणार नाही." त्या हर्षलकडे वळल्या. "मसाला का नाही भरला?"

"भरला की वाळेपर्यंत मशीन बंद ठेवावं लागतं. वेळ नव्हता."

बाईंनी ते लिहिलं. पुढचा प्रश्न अगदी उघड होता, वेळ कोणी दिला नाही? तो त्यांनी विचारलाच नाही. पेन्सिल कागदावर टेकवून ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. हर्षलनेही माझं नाव घेतलं नाही. तो खाली मान घालून उभा होता, आणि त्याच्या गप्प राहण्याने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारा शिष्यासाठी गप्प, शिष्य माझ्यासाठी गप्प, आणि मी कोणासाठी गप्प बसलो होतो?

"मी," मी म्हणालो. "मी दोन तास दिले होते. त्यावर एक मिनिट नाही म्हणालो. तो काहीतरी सांगत होता, मी ऐकून घेतलं नाही."

दीपकशेठनी माझ्याकडे असं बघितलं की नोकरीचं काय ते मला कळलं. बाई लिहीत राहिल्या.

६

तक्रार गेली नाही. बाईंचा अहवाल गेला, सहा पानी. त्यात खंडेरावांच्या कामाला एक अख्खं पान होतं. पाइपाचे आटे, वाकणं, रंग, सगळं. विद्युत निरीक्षकांनी ते वाचून त्यांना स्वतः फोन केला असं ऐकलं. हर्षलचं लायसन्स वर्षभरासाठी थांबलं. हे वर्ष तो पुन्हा खंडेरावांच्या हाताखाली काढणार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजताच म्हातारे त्याच्या दारात जाऊन उभे राहिले होते म्हणे. मला दीपकशेठनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण झोप लागते.

तीन नंबरचं सील पुन्हा भरायला खंडेराव आले तेव्हा मी त्यांना चहा दिला आणि जे चार वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं ते बोललो. तुमच्यासारखं काम मी बघितलं नाही, म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं. मग कप खाली ठेवून विचारलं, "भारतला भेटून आलात का साहेब?"

मी गेलो नव्हतो. फोन केले होते, दवाखान्याचं बिल बघितलं होतं, माणूस पाठवला होता. त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो नव्हतो. खंडेराव मसाला कालवायला लागले.

त्याच दुपारी दवाखान्यात गेलो. भारत खाटेवर उशीला टेकून बसला होता, दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले, भुवयांच्या जागी बारीक खुंट उगवलेले. मी दारातच सगळं सांगून टाकलं. हर्षलला मी दोन तास दिले, माझ्या घाईने तुझे हात भाजले, मला माफ कर.

"मला ठावं हाय साहेब," तो म्हणाला. "मी तिथंच हुतो की. हवा भरत."

"मग बोलला का नाहीस कोणाला?"

"बोललो ना. त्या स्कूटरवाल्या म्याडमला. पंपावर यायच्या आधी त्या हितंच आल्या हुत्या, पहिल्याच दिवशी. मी समदं सांगितलं त्यांना."

पाऊण तास स्टुलावर बसून त्या तारा पुसत होत्या, माझ्या हातचा चहा घेत होत्या, तेव्हा माझं नाव त्यांच्या वहीत आधीच होतं.

"मग त्यांनी मला विचारलं का नाही?"

"मी बी तेच इचारलं, साहेबांना इचारनार का? तर म्हनल्या, नाय. त्ये आपन होऊन सांगतील, मी थांबते." भारत थोडा हसला, मग गाल ताणला गेला म्हणून कळवळला. "मी म्हनलं, म्याडम, तुमी आमच्या साहेबांना वळखत नाय. त्ये कदी कबूल हुनार नाय. पैज लावली असती तर हरलो असतो."

मला रडू आवरेना. भारत बांधलेले हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिला. त्याला माझी दया आली असावी.

"साहेब," तो म्हणाला, "तिथं केळी हायेत. मला सोलता येत नाय. एक द्या बरं सोलून."

मी स्टूल त्याच्या खाटेजवळ ओढलं आणि केळं सोलून त्याच्या तोंडाशी धरलं.